चिनी म्हणींतली गोड तोंडं आणि फटकळ माया

रेवा_चाकण

चिनी माणसाला चारचौघांत काही मांडायचं असलं की तो आधी म्हणतो, 'फाव ज्वान यिन यू'. मी वीट टाकतो, तुमच्याकडून रत्न येऊ द्या. तर ही माझी वीट.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. चीनमधल्या निंगबो शहरातल्या पुरवठादारांशी रोज गाठ पडते, म्हणून मँडरिनचा क्लास लावलाय. आमच्या बाई 'छंग-यू' फार शिकवतात. हे म्हणजे बहुतेक चार अक्षरांचे ठरीव वाक्प्रचार. भाषा जुनी, ग्रांथिक, आणि पुष्कळांच्या पोटात एकेक गोष्ट. ती ठाऊक नसेल तर चारही अक्षरं ओळखीची असून डोक्यात उजेड पडत नाही.

सध्या दोन धडे सोबत चालू आहेत: माणसाचा चांगुलपणा, आणि माणसाच्या बोलण्याच्या तऱ्हा. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना वाटायला लागलं की या भाषेचा गोड बोलणाऱ्यावर काडीचा विश्वास नाही. 'खौ मी फू ज्येन' म्हणजे तोंडात मध, पोटात तलवार. 'श्याव ली छांग दाव' म्हणजे हसण्यात लपवलेली सुरी. कन्फ्यूशियस तर सरळ सांगून मोकळा झालाय की लाघवी बोलणं आणि साजरा चेहरा दिसला की तिथे माणुसकी क्वचितच असते. दुसऱ्या बाजूला 'दाव-त्झ झ्वै, दौफू शिन': तोंड सुरीचं, काळीज तोफूचं. आणि 'खू खौ फो शिन': तोंड कडू, मन आजीचं. म्हणजे मायेचं माणूस कोण, तर जे कडू बोलतं ते!

आपल्याकडे निदान संक्रांतीला तरी गोड बोलायचा आग्रह असतो. तर प्रश्न असा की हे खरंच तसं आहे, की आमच्या बाईंनीच वेचून वेचून कडू म्हणी काढल्यात? तिकडे राहिलेल्यांनी, वाचलेल्यांनी भर घाला.

पंत_पेठेतले

सुरीच्या तोंडाची माणसं आमच्या पेठेत मुबलक. तोफूचा पुरवठा अनियमित आहे. (ह. घ्या.)

मालवणी_मसालो

आमची आये सकाळपासून गाळी घालता, पण जेवल्याबिगर कोणाक घरातसून सोडणा नाय. तिका चिनी पासपोर्ट गावतलो काय?

कात्यायन

रेवा, चांगला विषय घेतलास. पण मध आणि तलवारीची गोष्ट बाईंनी सांगितली का? ती कळली की चित्र जरा बदलतं.

थांग घराण्यातला सम्राट श्वेनजोंग, त्याचा मुख्य मंत्री ली लिनफू. इ. स. ७३४ मध्ये मंत्रिपदावर चढला तो मरेपर्यंत उतरला नाही. एकदा सम्राटाने सहज विचारलं, तो अमुक अधिकारी हल्ली कुठे असतो, कामाचा माणूस आहे. अधिकारी राजधानीपासून लांब होता. ली लिनफूने त्याच्या धाकट्या भावाला बोलावलं. काय ते अगत्य! म्हणाला, महाराजांचं तुमच्या दादांवर फार मन आहे. राजधानीत यायला निमित्त तेवढं हवं. 'वाताचा त्रास आहे, उपचारासाठी येऊ द्यावं' असा एक अर्ज टाकायला सांगा. भाऊ कृतकृत्य झाला. अर्ज आला. तोच हातात घेऊन ली सम्राटासमोर उभा: बिचारा थकलाय, वाताने धरलाय, एखादं बिनकामाचं पद देऊन विश्रांती घेऊ द्यावी. सम्राट हळहळला आणि विषय संपला.

स्मा ग्वांगने १०८४ मध्ये पुरा केलेल्या इतिहासात लोक ली लिनफूला काय म्हणत ते नोंदवलंय: तोंडात मध, पोटात तलवार. हसण्यातली सुरीसुद्धा थांग दरबारातलीच. तो ली यीफू. कायम हसतमुख, आणि मनाविरुद्ध गेलेल्याचा काटा काढणारा. लोक त्याला पाठीमागे 'ली मांजर' म्हणत.

या दोन्ही म्हणी दरबारात जन्मल्या आहेत. ज्याच्या हातात आपली बदली, बढती आणि मान आहे तो गोड बोलायला लागला की पोटात गोळा येतो, त्या भीतीच्या या म्हणी. शेजारीण गोड बोलली तर तिला कुणी ली लिनफू म्हणत नाही.

डॉ_खडूस

आमच्या संस्थेचे सचिव आठवले. नाव नको, निवृत्तिवेतन अजून त्यांच्याच सहीने निघतं.

सूचौकर_मनीषा

आम्ही बरीच वर्षं चीनमध्ये सूचौला काढली, म्हणून रेवाशी थोडं भांडते.

एक, लहान मुलाला 'झ्वै थ्येन' म्हणजे गोड तोंडाचा म्हणतात ते कौतुकाने. समोरच्या बाईला न चुकता 'मावशी' म्हणणारं, आजोबांना आधी हाक मारणारं पोर गोड तोंडाचं. आमच्या मुलाने भाजीवालीला 'थोरली ताई' म्हणून जेवढी फुकटची कोथिंबीर आणली तेवढी मी घासाघीस करून कधी आणली नाही.

दोन, गोड शब्दाचं मोल सांगणारी म्हण घरोघर माहीत आहे. चांगला एक शब्द कडाक्याच्या थंडीत ऊब देतो, वाईट बोल भर उन्हाळ्यात गारठवतो. ही चार अक्षरांत मावत नाही, म्हणून तुमच्या धड्यात आली नसेल.

तीन, आणि हे महत्त्वाचं. तिथे माया बोलून दाखवायची पद्धतच कमी. मला ताप आला तेव्हा शेजारच्या आजींनी विचारपूस अशी केली: कपडे किती पातळ घातलेस, तुझं डोकं फिरलंय का, गरम पाणी पी. पाय मुरगळला, गरम पाणी पी. परीक्षेचं टेन्शन आलं, गरम पाणी पी. तिथल्या तरुण पोरी तर 'गरम पाणी जास्त पी' एवढंच सुचणाऱ्या नवऱ्यांची इंटरनेटवर यथेच्छ टिंगल करतात. पण संध्याकाळी त्याच आजी थर्मास भरून दारात उभ्या, आणि मी पूर्ण प्यायल्याशिवाय हलल्या नाहीत.

घरच्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलेलंही त्यांना रुचत नाही. एकदा या आजींचे मी रीतसर आभार मानले तर त्या हिरमुसल्या. त्याला शब्द आहे 'ज्येन वाय', म्हणजे मला बाहेरची समजलीस होय.

निर्मला_काकू

मनीषा, हे तर शंभर टक्के आपलंच. "आभार मानून परकं करताय होय?" हे वाक्य मी माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे ऐकलंय.

बंड्या_बोरिवली

+१. आणि गरम पाण्याच्या बाबतीत आमचे बाबा चिनीच आहेत, सिद्ध झालं.

इतिहासाचा_किडा

रेवाच्या बाजूने मी बॅटिंग करतो. माझा साक्षीदार हान शिन.

हा हान घराण्याच्या संस्थापकाचा सर्वांत मोठा सेनापती, पण तरुणपणी कफल्लक. जुना चिनी इतिहासकार स्मा छ्येन याने त्याचं चरित्र लिहिलंय आणि त्यात चांगुलपणाचे नमुने असे ओळीने येतात की वाचत राहावं.

गावच्या चौकीच्या प्रमुखाकडे हा पठ्ठ्या महिनोन्महिने जेवायला जायचा. वैतागून त्याच्या बायकोने युक्ती काढली. पहाटेच स्वयंपाक करून सगळ्यांनी अंथरुणातच जेवून घ्यायचं. हा नेहमीच्या वेळेला गेला, तर चूल थंड. समजला, चिडला, परत गेला नाही. पुढे नदीवर गळ टाकून बसलेला असताना तिथे कापड धुणाऱ्या बायकांपैकी एकीने त्याची भूक ओळखली. धुण्याचं काम संपेपर्यंत, कितीतरी दिवस, ती त्याला आपल्यातलं जेवण देत राहिली. हा भारावून म्हणाला, आई, एक दिवस मी याची मोठी परतफेड करीन.

आणि ती बाई रागावली! म्हणाली, धडधाकट पुरुष असून तुला स्वतःचं पोट भरता येत नाही. दया आली म्हणून घातलं जेवायला. परतफेड मागितली कोणी?

इ. स. पू. २०२ मध्ये तो छू प्रांताचा राजा झाला तेव्हा तिला शोधून हजार सोन्याची भेट दिली. त्यावरून 'यी फान छ्येन जिन', एक जेवण, हजार सोनं. त्या चौकीप्रमुखालाही बोलावलं. त्याच्या हातावर शंभर नाणी ठेवली आणि सुनावलं, तू क्षुद्र माणूस, चांगलं काम सुरू केलंस पण शेवटाला नेलं नाहीस.

आता उलटा नमुना, तोही याच चरित्रात. मालकाने, म्हणजे हान घराण्याच्या त्या संस्थापकाने, आपल्या शत्रूबद्दल, श्यांग यू बद्दल विचारलं तेव्हा हान शिन म्हणाला: तो माणसांशी आदराने वागतो, बोलणं मऊ, कोणी आजारी पडलं तर डोळ्यांत पाणी आणून आपल्या ताटातलं देतो. पण एखाद्याने पराक्रम केला, त्याला जहागीर द्यायची वेळ आली, की शिक्का हातात घेऊन इतका कुरवाळत बसतो की शिक्क्याचे कोपरे झिजतात, पण हातून सुटत नाही.

कडू बोलणारी बाई देते, मऊ बोलणारा राजा देत नाही. युअर ऑनर, मला आणखी काही सांगायचं नाही.

अनघा_सिंगापूर

किड्या, तू सोयीस्करपणे एक गोष्ट गाळलीस. श्यांग यू च्या त्या वागण्याला हान शिनने नाव काय दिलं? 'फू रेन जी रेन', बायकी दया. म्हणजे रडणारी, दिखाऊ, निकामी. ही म्हण आजही वापरात आहे आणि माझ्या ऑफिसात बैठकीत सर्रास ऐकू येते. कुणाला कामावरून काढायचं मनावर येत नसलं की म्हणायचं, ही बायकी दया सोड.

गंमत बघा. ज्याला एका बाईने नदीकाठी जगवलं, तोच पुढे जाऊन दयेच्या नकली जातीला बाईचं नाव देतो.

निर्मला_काकू

अनघा, टाळ्या!

इतिहासाचा_किडा

मान्य. यावर माझ्याकडे बचाव नाही. बाकी त्याचा स्वतःचा शेवट इ. स. पू. १९६ मध्ये एका बाईच्याच हातून झाला, सम्राज्ञी ल्यू. तिथे मात्र दया कुठल्याच जातीची नव्हती.

पंत_पेठेतले

हजार सोनं जाऊ दे. आमच्याकडे 'जेवूनच आला असाल' म्हणतात ते त्या चौकीप्रमुखाच्या बायकोपेक्षा कितीतरी सभ्य आहे याची नोंद व्हावी.

अनघा_सिंगापूर

आता मुख्य मुद्द्यावर. 'सुरीचं तोंड, तोफूचं काळीज' हे ज्याला सुरी लागत नाही त्याला गोंडस वाटतं. जुन्या चिनी लोकांनाही हे कळत होतं. 'ज्ये लाय जी शी' ही म्हण घ्या, 'ए, ये' म्हणून दिलेलं अन्न.

छी राज्यात मोठा दुष्काळ पडला. छ्येन आव नावाचा माणूस रस्त्याकडेला अन्न घेऊन भुकेल्यांची वाट बघत होता. एक जण आला. बाहीने तोंड झाकलेलं, चपला घासटत, धड दिसतही नसल्यासारखा. छ्येन आव एका हातात जेवण, एका हातात पाणी घेऊन म्हणाला, "ए! ये, खा!" तो माणूस नजर वर करून म्हणाला, असलं 'ए, ये' म्हणून दिलेलं अन्न मी कधी खाल्लं नाही, म्हणूनच या दशेला आलोय. छ्येन आव त्याच्यामागे गेला, माफी मागितली. तरी तो खाईना. उपाशी मेला.

अन्न खरं होतं, हेतूही वाईट नव्हता. एक 'ए' आडवा आला. मग फटकळ मायेचे पोवाडे किती गायचे?

डॉ_खडूस

सॉरी, पण तो माणूस मूर्ख होता. माफी मागितल्यावर तरी खायचं. अन्नावर कसला राग?

सूचौकर_मनीषा

डॉक्टर, तुमच्या बाजूने खुद्द कन्फ्यूशियसचा शिष्य आहे. ही गोष्ट ज्या जुन्या ग्रंथात आहे तिथेच तिच्याखाली या शिष्याचा, जंगत्झचा, अभिप्राय आहे: 'ए' म्हटल्यावर निघून जाणं ठीक होतं, माफी मागितल्यावर खायला हरकत नव्हती.

पण लोकांनी अभिप्राय विसरून माणूस लक्षात ठेवला. लेखक जू त्झछिंग १९४८ मध्ये गेले. आजारी होते, घरी ओढगस्त होती, तरी अमेरिकेने मदत म्हणून दिलेलं पीठ घ्यायला त्यांनी नकार दिला होता. पुढच्याच वर्षी माओने एका लेखात त्यांचं नाव घेऊन त्यांचा गौरव केला आणि 'ज्ये लाय'चं अन्न खाल्लं तर पोटात दुखेल असं लिहिलं. शाळेत मुलांना ही गोष्ट स्वाभिमानाचा धडा म्हणून शिकवतात.

कुंदा_कोल्हापूर

आमच्याकडे पुराच्या वेळी हे डोळ्यांनी पाहिलंय. मदतीची पाकिटं घेऊन बाहेरून एक गट आला होता. चांगली माणसं, सामानही उत्तम. पण प्रत्येक पाकीट देताना "जरा इकडे बघा, हां, धरा नीट" असं फोटोसाठी. आमच्या गल्लीतले एक मास्तर, आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेले, रांगेतून निघून वर गेले. नंतर त्यांच्या वाट्याचं शेजारच्या पोराने गपचूप नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलं.

डॉक्टर, मास्तर मूर्ख नव्हते हो.

डॉ_खडूस

कुंदाताई, मास्तरांच्या वेळी माफी मागायला कुणी मागे गेलं नव्हतं. तिथे मी तुमच्या मास्तरांच्या बाजूने. पण चिनी गोष्टीतल्या माणसाबद्दल मत कायम.

मालवणी_मसालो

आये 'ये मेल्या, जेव' म्हणता. ता 'ज्ये लाय'त बसता काय?

अनघा_सिंगापूर

मसालो, नाही बसत. कारण तुला ठाऊक आहे की 'मेल्या' म्हणणारी उद्याही जेवायला घालणार आहे. अनोळखी माणसाला 'मेल्या' म्हणून वाढ म्हणावं, मग बघ.

बंड्या_बोरिवली

अवांतर: सासू-सुनेवर काही आहे का? विचारायचं म्हणून विचारतोय.

सूचौकर_मनीषा

बंड्या, तुझा हेतू समजला. 'जी सांग मा ह्वाय': बोट तुतीकडे, शिव्या ह्वायच्या झाडाला. आपलं थेट 'लेकी बोले सुने लागे'. फरक इतकाच की त्यांनी झाडं घेतली, आपण नाती. त्यांच्या युद्धातल्या छत्तीस डावपेचांच्या यादीत हा सव्विसावा डाव आहे, आणि वर आलेली 'हसण्यातली सुरी' दहावा.

पंत_पेठेतले

ज्या देशाने टोमणा युद्धशास्त्रात घातला त्याला माझा साष्टांग नमस्कार.

कात्यायन

बोलण्याच्या तऱ्हांत एक आपल्याशी नातं असलेली. 'द्वै न्यू थान छिन', गायीपुढे तंतुवाद्य वाजवणं. आपण गाढवापुढे गीता वाचतो आणि कालचा गोंधळ बरा होता म्हणतो. पण मूळ चिनी गोष्ट गायीची थट्टा करून थांबत नाही.

बौद्ध धर्म चीनमध्ये अजून नवखा होता त्या काळातला मोउत्झ नावाचा एक लेखक. त्याला विचारतात, तू बुद्धाची बाजू घेतोस, मग सूत्रं सोडून कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे दाखले का देतोस? तो गोष्ट सांगतो. गोंगमिंग यी नावाच्या वादकाने गायीला एक थोर राग ऐकवला. गाय मान खाली घालून चरत राहिली. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही, ते तिच्या कानाजोगं नव्हतं. मग त्याने तारांवर डासांची गुणगुण काढली, चुकलेल्या वासराचं हंबरणं काढलं. गायीने लगेच शेपूट हलवली, कान टवकारले, पावलं टाकत ऐकायला लागली. मोउत्झ म्हणतो, तुम्हाला तुमचेच ग्रंथ कळतात, म्हणून त्यातून बोलतो.

भारतातून गेलेला विचार समजावण्यासाठी रचलेली ही गोष्ट. आज मात्र समोरच्याला अक्कल नाही एवढ्याच अर्थाने वापरतात. वादकाची दुसरी धून लोक विसरले.

निर्मला_काकू

कात्यायन, ही गोष्ट नातवाच्या शाळेतल्या बाईंना पाठवते आहे. (लेकी बोले…)

शब्दवेडा

उच्चारांवर एक शंका. कुणी 'दाव' लिहितंय, कुणी 'ताव' लिहील. खरं काय?

कात्यायन

रोमन लिपीत d लिहितात तो घोष नाही, आपल्या त च्या जवळचा आहे. t लिहितात तो थ. प-फ, क-ख तसंच. इंग्रजी कानाला हा फरक पकडताना घाम फुटतो, आपल्याला आयता मिळालाय. इतकंच काय, रोमन z म्हणजे 'चाक'मधला च, 'चिंच'मधला नव्हे. मराठी माणसाला हा वर्ण फुकट, पण आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो आणि 'झ' म्हणत बसतो.

शब्दवेडा

म्हणजे रेवाच्या 'दाव-त्झ झ्वै'चं खरं 'ताव-च च्वै' हवं! आणि तुमचं 'मोउत्झ'ही त्यात आलंच.

पंत_पेठेतले

धागा म्हणींचा, भांडण च चं. आता कसा आपला वाटायला लागला. यासाठी चिनीत काही असेलच.

सूचौकर_मनीषा

आहे. 'छी झ्वै बा श'. सात तोंडं, आठ जिभा.

बंड्या_बोरिवली

आठवी जीभ पंतांची.

सोलापूरचा_भाऊ

चांगुलपणाचा धागा आणि अजून कोटणीसांचं नाव नाही? सोलापूरकर म्हणून निषेध नोंदवून सुरू करतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. बाकीचे पुढे परतले, हे तिथेच राहिले. आघाडीजवळच्या खेड्यांत शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकून चिनीत शिकवायला लागले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनह्वा: यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांत गेले, वय ३२. हबै प्रांतातल्या शिज्याज्वांगला त्यांची समाधी आहे, आणि सोलापुरात त्यांचं राहतं घर स्मारक म्हणून जपलंय. चीनमधून येणारे पाहुणे तिथे आवर्जून येतात.

त्या काळातल्या लष्करी डॉक्टरांसाठी माओने १९४१ मध्ये चार अक्षरं लिहून दिली होती, 'ज्यू स फू शांग'. मरणाऱ्याला वाचवा, जखमीला आधार द्या. आजही ती चीनमधल्या दवाखान्यांत भिंतीवर दिसतात असं स्मारकात भेटलेल्या एका चिनी पाहुण्याकडून कळलं.

इतिहासाचा_किडा

भाऊ, निषेध मान्य, माहितीबद्दल आभार (परकं न करता). एक भर: ही चार अक्षरं पहिल्यांदा स्मा छ्येनच्याच एका पत्रात येतात, म्हणजे वरचं हान शिनचं चरित्र लिहिणाऱ्याच्या. पण तिथे अर्थ वेगळा. सेनापती ली लिंगने शत्रूला इतकं झोडपलं की त्यांना आपले मेलेले-जखमी सावरायलाही सवड मिळेना. दोन हजार वर्षांनी तेच शब्द दवाखान्याच्या भिंतीवर.

सूचौकर_मनीषा

भिंतीवर असतात, मी पाहिलेत. आणि बरा झालेला रुग्ण डॉक्टरला भेट काय देतो माहितेय? लाल रेशमी पताका, 'जिन छी', तिच्यावर सोनेरी अक्षरांत एखादं छंग-यू. डॉक्टरांसाठी ठरलेलं म्हणजे 'म्याव शौ ह्वै छुन', कुशल हात वसंत परत आणतात. पोलिसांना, शिक्षकांनाही देतात. आमच्या दाताच्या डॉक्टरची अख्खी भिंत लाल होती. तोंडाने 'आभार' म्हणायला लाजणारी माणसं रेशमावर छापून देतात!

डॉ_खडूस

मला एकदा एका पेशंटने कोंबडी दिली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

रेवा_चाकण

बापरे, विटेच्या बदल्यात काय काय आलं! आज क्लासमध्ये बाईंना तुमचे मुद्दे सांगितले. त्या चीनच्याच, हसल्या आणि म्हणाल्या की कडू म्हणी मुद्दाम आधी घेतल्या, कारण विद्यार्थी गोड म्हणी पाठ करतात आणि पुरवठादाराला भरमसाट चिकटवतात. (माझ्याकडे बघून म्हणाल्या.) हान शिनच्या धोबिणीवर मात्र त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, ती रागावली कारण त्याने जेवणाचा सौदा केला.

अनघा, तुझा 'ए' मला पटला. फटकळपणा माफ व्हायला आधी नातं लागतं. पण किड्याचा श्यांग यू पण डोक्यातून जात नाही, कारण मी तो रोज ईमेलमध्ये बघते: 'प्रिय भागीदार', 'आपल्या आरोग्याची कामना', आणि सुटा भाग काही निघत नाही.

आता खरी मदत हवी आहे. निंगबोच्या एका बाईंनी मागच्या महिन्यात आमची लाइन बंद पडता पडता वाचवली. बाकी सगळे हात वर करत असताना त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलून माल आमच्याकडे वळवला. वर फोनवर मला झापलं की आधी का नाही कळवलंस. त्यांना चार ओळी लिहायच्या आहेत. 'श्वे जोंग सोंग थान' लिहू का? बर्फात कोळसा पाठवणं.

कात्यायन

लिहायला हरकत नाही. सोंग घराण्याच्या दुसऱ्या सम्राटाने कडाक्याच्या थंडीत राजधानीतल्या गरिबांना तांदूळ आणि कोळसा वाटल्याची नोंद आहे, तिच्याशी ही म्हण जोडतात. तिचं जोडीदार 'जिन शांग थ्येन ह्वा', जरीवर आणखी फुलं. भरल्या घरात भर घालणारे पुष्कळ, बर्फात येणारा एखादाच, अशा अर्थाने दोन्ही जोडीने वापरतात.

अनघा_सिंगापूर

व्यापारी पत्रात जरा जड होईल का? चूल विझलेली असताना कोळसा दिला, असं म्हणजे आपण पार कंगाल होतो हे कबूल करणं.

सूचौकर_मनीषा

अजिबात नाही, अगदी असल्याच प्रसंगी वापरतात. पण रेवा, पत्रात एकच छंग-यू घाल. तीन घातलेस की बाई म्हणतील ही पोरगी आमच्या सरकारी वर्तमानपत्रातून बोलते आहे. आणि आधी साधं लिही की लाइन चालू राहिली, इतके लोक घरी बसायचे वाचले. त्यांना त्याचा जास्त आनंद होईल. 'मी आयुष्यभर ऋणी' वगैरे नको.

इतिहासाचा_किडा

आणि परतफेडीचं वचन तर मुळीच देऊ नकोस. धोबीण आठव.

मालवणी_मसालो

त्यापरास काजू धाड. एक किलो, भाजलेले.

रेवा_चाकण

काजू पक्के. कस्टममधून जातात का ते विचारते. म्हण एकच, तीही शेवटच्या ओळीत. मसुदा इथे टाकू का तपासायला?

शब्दवेडा

टाक. रोमनमध्ये टाकलास तर z बघून घेतो.

पंत_पेठेतले

पत्र राहू दे. पुढची ऑर्डर वेळेवर दिलीस का ते आधी सांग, नाहीतर त्या बाई परत झापतील.